सांडव्यावरचं जाळं

तुमच्या गावापासून समुद्र किती लांब आहे, असं मला नोकरीच्या मुलाखतीत विचारलं गेलं. विचारणाऱ्या बाई परदेशी होत्या आणि त्यांच्या संस्थेनं तोवर फक्त किनाऱ्यावर काम केलं होतं. वादळानं मोडलेल्या मच्छीमार वस्त्या पुन्हा उभ्या करायच्या, नावा द्यायच्या, जाळी द्यायची, बर्फाच्या पेट्या द्यायच्या. दुष्काळात आटलेल्या तलावावरचा मच्छीमार त्यांना नवा होता. मी सांगितलं की आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस मला तरी माहीत नाही, आणि मीही तो पाहिलेला नाही. बाईंनी मान डोलावली. मराठी बोलणारी, इंग्रजी लिहिणारी आणि भोयाच्या घरात जन्मलेली दुसरी कोणी त्यांना मिळाली नसावी. नोकरी मला मिळाली.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. गावाच्या वर मातीच्या धरणाचा तलाव आहे. माझे वडील तिथल्या मच्छीमार संस्थेचे चेअरमन. चेअरमन म्हटलं की खुर्ची डोळ्यांसमोर येते, पण संस्थेकडं खुर्ची नव्हती. धरणाच्या भिंतीखाली एक पत्र्याची खोली होती, तिच्यात जाळी टांगलेली असत आणि माणसं पोत्यावर बसत.

तो तलाव लागोपाठ दोन वर्षं कोरडा पडला. पहिल्या वर्षी उरलेल्या डबक्यात हातानं मासे धरले. दुसऱ्या वर्षी तळाला भेगा पडल्या आणि शेतकरी ट्रॅक्टरनं गाळ वाहून नेऊ लागले. भोयांची माणसं हैदराबादला बांधकामावर गेली, कोणी वीटभट्टीवर, कोणी अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायला. वडील लातूरला एका गोदामावर रखवालदार झाले. मी नांदेडला एका दवाखान्यात नंबर लावायचं काम करत होते. पुढं पाऊस झाला आणि तलाव भरला. पण नुसतं पाणी आलं. त्यात मासा नव्हता, काठावर माणसं नव्हती, आणि पत्र्याच्या खोलीतली जाळी उंदरांनी कुरतडली होती.

अशा वेळी मी बाईंच्या संस्थेची समन्वयक म्हणून स्वतःच्या गावात परत आले. माणसांना परत बोलवायचं, तलावात माशांची पिल्लं सोडायची आणि मच्छीमार संस्था पायावर उभी करायची, असं माझं काम ठरलं होतं. पहिल्या बैठकीत वडील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम सांगतील तसं आपल्याला करायचं हाय." सगळे गंभीरपणे बसून होते. रात्री जेवताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "पगार वेळेवर देतेत का?"

मदतीला एक अट होती. सभासदांत निम्म्या बायका पाहिजेत. वडिलांना त्यात अडचण वाटली नाही. "लिहा नावं. फोटो लागतील तर फोटोबी देऊ," ते म्हणाले. आमच्या वस्तीत बायका मासे विकायच्या, साफ करायच्या, जाळी विणायच्या. पाण्यात पुरुष जायचे आणि बैठकीलाही पुरुषच बसायचे. नावं लिहिली गेली. पहिलं नाव आईचं होतं. पुढच्या बैठकीला बाकीच्या बायकांचे फक्त अंगठे आले, आई स्वतः आली. दाराशी बसली, शेवटपर्यंत काही बोलली नाही. घरी जाताना वडील म्हणाले, "तू कामून आलीस?"

"नाव हाय ना माझं," आई म्हणाली.

आईबद्दल एक गोष्ट इथं सांगायला हवी. तिचं माहेर देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या शिवेवर. तिथं घरात तेलुगू बोलतात. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या मराठीला सासरची माणसं हसायची, म्हणून तिनं तेलुगू बोलणं सोडलं आणि मराठीही मोजकंच बोलायची. मी लहान असताना तिच्या तोंडून तेलुगू शब्द ऐकलेला मला आठवत नाही. आपली आई कमी बोलणारी आहे, असंच मी धरून चालले होते.

बाईंच्या संस्थेनं शिकवायला एक माणूस पाठवला. आंध्रच्या किनाऱ्यावरचे, साठीचे, काळेसावळे मच्छीमार. वादळात त्यांचं घर गेलं होतं आणि याच संस्थेच्या मदतीनं ते पुन्हा उभे राहिले होते. मी त्यांना घ्यायला मुदखेड जंक्शनला गेले. ते खांद्यावर गुंडाळलेलं जाळं घेऊन उतरले. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम. मला तेलुगू येत नव्हती. देगलूर, उदगीर करत गावापर्यंतचा सगळा प्रवास आम्ही एकमेकांकडं बघून हसत केला.

गावात पहिल्याच दिवशी घोळ झाला. वस्तीतल्या बायका त्यांना बघायला जमल्या होत्या. त्यांनी हात जोडून सगळ्यांना जवळ बोलावलं. तेलुगूत "या" म्हणायचा जो आदराचा शब्द आहे, तो आमच्याकडं बाईला दिली जाणारी सगळ्यात वाईट शिवी आहे. बायका जागच्या जागी थांबल्या. एक म्हातारी वाकून दगड शोधू लागली. मी मध्ये पडून हिंदीत काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात मागून आई पुढं आली आणि त्यांच्याशी तेलुगूत बोलली. एक वाक्य नाही, चांगलं पाच-सहा वाक्यं. ते हसले आणि तिला अक्का म्हणाले. मग आईनं बायकांना त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला.

वडील माझ्या शेजारी उभे होते. "हिला येतंय अजून," असं ते हळू आवाजात म्हणाले. मला म्हणाले की स्वतःशीच, कोण जाणे.

त्या दिवसापासून पाहुण्यांना सगळे उस्ताद म्हणायला लागले आणि आई त्यांची दुभाषी झाली. कागदावर दुभाषी मी होते. प्रत्यक्षात उस्ताद बोलायचे, आई मराठीत सांगायची आणि मी ते इंग्रजीत लिहून बाईंना पाठवायची. आई नुसतं भाषांतर करायची नाही. उस्तादांनी दोन वाक्यं सांगितली तर ती पाच सांगायची, आणि पुरुषांनी काही विचारलं तर आधी स्वतः उत्तर द्यायची. बैठकीत आता ती दाराशी बसत नव्हती. उस्तादांच्या शेजारी बसायची.

नावा ट्रकनं आल्या. फायबरच्या, लांब, नाकाड वर उचललेल्या. लाटा फोडायला ते नाकाड लागतं, उस्तादांनी सांगितलं. आमची माणसं तोवर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकत. एक माणूस, एक तराफा, डोक्यावर उचलून घरी आणता येणारा. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की ही नाव चिखलातून ओढायला चौघं-पाचजण लागत. पावसाळ्यात, पाणी काठाला लागलं की ती उपयोगी पडे. उस्ताद म्हणाले, त्यांच्याकडं वादळानंतर इतक्या नावा आल्या की शेवटी माणसांपेक्षा नावा जास्त झाल्या, आणि मग मासे कमी पडले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना स्वतःला मिळालेली नाव अजून चालत होती.

मी हे बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की नावांचा खर्च आधीच मंजूर झालेला आहे. नावा राहिल्या. आमच्या माणसांनी त्या वापरल्या तशा वापरल्या.

पावसाळ्याच्या तोंडाला तलावात बोटुकली सोडली. बोटाएवढी पिल्लं, म्हणून बोटुकली. कटला, रोहू, मृगळ. हैदराबादला गेलेली बरीच माणसं त्यासाठी परत आली होती. वर्षभरात ती हातभर होणार होती. पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी मासा खरंच मोठा झाला. बाई स्वतः बघायला येणार असं ठरलं, आणि त्याच आठवड्यात पाऊस लागला.

तलाव भरला की जास्तीचं पाणी बाजूच्या सांडव्यावरून वाहून ओढ्यात जातं. पाण्याबरोबर मासाही जातो, कारण मासा वाहत्या पाण्याकडं धावतो. हे थांबवायला सांडव्यावर लोखंडी जाळी बसवायची होती. पण धरणाला हात लावायचा तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. ती मागितली होती, अजून यायची होती. म्हणून आई, उस्ताद आणि वस्तीतल्या चार-पाच बायकांनी नायलॉनची जुनी जाळी दुहेरी करून सांडव्याच्या तोंडावर ताणली. दोन्ही बाजूंच्या बाभळींना दोर बांधले. वडील बघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन सांडव्यावर गेले. जाळ्याच्या अलीकडं मासे दिसत होते. पाठी पाण्याच्या वर येत होत्या, पोटं चमकत होती. आई कमरेएवढ्या पाण्यात एका बाजूचा दोर धरून उभी होती. दुसऱ्या बाजूला उस्ताद. बायका हातानं कचरा काढत होत्या, पण वरच्या शेतांतून कचरा येतच होता. तुऱ्हाट्या, बेशरमाची झुडपं, बाभळीच्या फांद्या. तो सगळा जाळ्याला अडकायला लागला. जाळं फुगलं. पाणी सांडव्यावरून जायचं कमी झालं आणि तलावात चढायला लागलं.

वडील तेव्हा भिंतीवरून चालत होते. दुष्काळात गाळ नेणारे ट्रॅक्टर भिंतीच्या एका जागेवरून चढले-उतरले होते आणि तिथं भिंत बसली होती. पाणी त्या जागेच्या माथ्याला लागत आलं होतं. हाताएवढंही अंतर उरलं नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. भिंतीखाली आमची वस्ती, आणि वस्तीच्या खाली सगळं गाव. ते कोयता घेऊन खाली आले. पळत नाही, भरभर चालत. आई ज्या बाभळीपाशी दोर धरून उभी होती तिथं आले आणि तिच्या हाताच्या वर, बाभळीला बांधलेला दोर तोडला.

जाळं एका बाजूनं सुटलं. आईच्या हातातला दोर ओढला गेला, तळहात सोलून निघाला. कचरा, जाळं आणि मासे असा सगळा लोंढा सांडव्यावरून खाली गेला. चार-पाच मिनिटांत तिथं नुसतं गढूळ पाणी होतं. उस्ताद आपल्या बाजूचा दोर सोडून आले आणि आईला तेलुगूत काहीतरी म्हणाले. ते काय म्हणाले हे तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या हातात मोबाईल होता. बाईंना पाठवायला मी तोवर जाळ्याचे फोटो काढत होते.

दुपारी बातमी आली की ओढ्यावर पुढच्या गावाच्या बंधाऱ्यात मासाच मासा आहे. त्या गावातले लोक पोती घेऊन पाण्यात उतरले होते. आमची तरुण माणसं काठ्या घेऊन निघाली. मासा आमचा आहे, असं त्यांचं म्हणणं. वडिलांनी त्यांना पारावर अडवून धरलं. या गोंधळात आई कधी निघून गेली, कोणाला कळलं नाही. हाताला फडकं बांधून, चार बायका आणि टेम्पोत बाईंच्या संस्थेनं दिलेल्या बर्फाच्या दोन पेट्या घेऊन ती बंधाऱ्यावर गेली. तिथं गेलेल्या बायकांनी मला नंतर सांगितलं ते असं.

बंधाऱ्यावर माशांचे ढीग पडले होते. पकडणारे सगळे शेतकरी. त्यांना मासा पकडण्यात मजा आली होती, पण एवढ्याचं काय करायचं हे ठरत नव्हतं. ऊन पडायला लागलं होतं. आई एका ढिगापाशी बसली, एक कटला उचलून कल्ले उघडून बघितले आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत वास सुटंल ह्याला."

"मग काय करावं?" एकानं विचारलं.

"आमच्यापाशी बर्फ हाय. आम्ही नेतो, उद्या बाजारात विकतो. निम्मं तुमचं, निम्मं आमचं."

"तुम्ही वरच्या तलावावरच्या ना? मग हा तुमचाच मासा, आन् आम्हाला निम्मं देता?"

"पाण्यात होता तवर आमचा होता," आई म्हणाली. "आता पकडलाव तुम्ही."

पेट्या भरल्या. बर्फ कमी पडला तेव्हा उदगीरच्या बर्फवाल्या चाचांना फोन केला. ते स्वतः गाडी घेऊन आले आणि भुसा टाकून लाद्या देऊन गेले. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. बायका आधी नेहमीच्या जागी, किराणा दुकानाच्या समोर बसल्या. दुकानदार लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. एरवी माशाची एखादी पाटी असायची, ते काही म्हणत नसत. त्या दिवशी पाट्यांची रांग बघून ते बाहेर आले.

"मावशी, एवढ्या वासानं माझं गिऱ्हाईक थांबंना. रागावू नका, थोडं पलीकडं सरका की."

"कुठं सरकू?"

त्यांनी विचार केला आणि गुरांच्या बाजाराकडं हात दाखवला. "तिकडं बसा. तिकडं बाहेरगावची लोकं येतेत. हाव, तिकडं बरं पडंल तुम्हाला." आणि बसायला दुकानातली रिकामी पोती काढून दिली.

देवणी जातीची गुरं घ्यायला लांबून माणसं येतात, बरीचशी कर्नाटकातून. सौदा झाला की त्यांच्या खिशात पैसा असतो आणि पोटात भूक. दुपारच्या आत पाट्या रिकाम्या झाल्या. तेव्हापासून आमच्या बायका गुरांच्या बाजाराच्या कडेलाच बसतात.

इकडं घरात आई वडिलांशी बोलत नव्हती. भाकरी करून ताट पुढं सरकवायची, बस. किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. एका संध्याकाळी वडील ओट्यावर बसून जाळं सांधत होते आणि ती लसूण सोलत होती. मी आत होते, दार उघडं होतं.

"भिंत ऱ्हायली तर मासा परत सोडता येतो," वडील म्हणाले. "भिंत गेली आस्ती तर काय सोडलं आस्तं?"

"मला ठावं हाय ते."

"मग काय झालंय तुला?"

"दोर माझ्या हातात होता. मला म्हणायचं होतं, सोड म्हणून. मी सोडला आस्ता."

"टाईम नव्हता."

"होता," आई म्हणाली. "तुम्ही चालत आलाव. पळत आला नव्हता."

वडिलांनी सुई जाळ्यात खोवून ठेवली. मग म्हणाले, "हात दाव." आईनं दाखवला. खपली धरली होती. त्यांनी तो उजेडाकडं वळवून बघितला आणि सोडला. एवढंच. रात्री तिनं त्यांना भाजी अजून पाहिजे का, असं विचारलं.

बाई आल्या तेव्हा तलावात दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. नमुन्याला जाळं टाकलं, थोडा मासा मिळाला. मी त्यांना झालं ते सगळं सांगितलं. त्या भिंतीवरच्या बसलेल्या जागेपर्यंत चालत गेल्या, वडिलांशी माझ्यामार्फत बोलल्या आणि बाजाराच्या दिवशी आईच्या शेजारी पोत्यावर तासभर बसल्या. पुढं त्यांच्या अहवालात आमचं गाव बायकांच्या मासेविक्रीचं उदाहरण म्हणून आलं. मासेविक्री मूळ आराखड्यात नव्हती. बर्फाच्या पेट्या होत्या, पण त्या पुरुषांसाठी होत्या.

भिंतीची ती जागा गावानं श्रमदानानं आणि नंतर खात्यानं मुरूम टाकून वर उचलली. लोखंडी जाळीची परवानगीही आली. जाळी अशी बसवली आहे की कचरा साठला तर वर उचलता येते. फायबरच्या नावांपैकी एक तलावावर ठेवली, बाकीच्या नदीकाठच्या गावांनी पुराच्या दिवसांसाठी मागून नेल्या.

प्रकल्प संपला आणि उस्ताद परत निघाले. आईनं त्यांच्या बायकोसाठी ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि एक इरकल लुगडं दिलं. त्यांनी येताना आणलेलं जाळं तिच्यासाठी ठेवलं. बसस्टँडवर दोघं तेलुगूत बोलत होती. वडील थोडे लांब उभे होते. बस निघाल्यावर ते आईला म्हणाले, "लई चांगला माणूस." आई म्हणाली, "हाव."

माझी नोकरीही संपली. मी आता नांदेडला दुसऱ्या एका संस्थेत आहे. तिचा मासळीशी संबंध नाही. मच्छीमार संस्थेच्या पुढच्या निवडणुकीत वडील उभे राहिले नाहीत, गुडघ्याचं कारण सांगितलं. आई संचालक मंडळावर निवडून आली. पहिल्या सभेत ती फार बोलली आणि सभा लांबली, असं वडिलांनीच मला फोनवर सांगितलं. आवाजात तक्रार होती, पण ती सवयीची.

मागच्या पावसाळ्यात संस्थेनं पहिल्यांदा स्वतःच्या कमाईतून बोटुकली आणली. मी सुट्टी काढून गेले होते. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टेम्पोतून उतरवून आधी तशाच बंद पाण्यावर ठेवायच्या असतात, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. आम्ही काठावर बसून वाट बघितली. ढग होते, पाऊस नव्हता. मग आईनं एकेका पिशवीचं रबर काढलं, वडिलांनी पिशव्या आडव्या केल्या. पिल्लं आधी घोळक्यानं काठाशी घुटमळली आणि मग दिसेनाशी झाली.

रिकाम्या पिशव्या वाऱ्यानं पाण्यात जात होत्या. त्या मी गोळा केल्या. घरी आलो तेव्हा उशीर झाला होता आणि स्वयंपाक कोणीच केला नव्हता. आईनं वरण-भात टाकला.